घरी करता येण्याजोगा वादळसूचक रेडिओ

ता. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावाहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली एक प्रवासी नाव उजनीच्या जलाशयात अकस्मात उठलेल्या वादळी वाऱ्याने उलटली. नावेत सातजण होते. त्यांतील एकजण पोहून काठास लागला, सहाजण गेले. उन्हाळ्याच्या अखेरीस दुपार कलली म्हणजे वळवाचे वारे केव्हा उठेल ह्याचा नेम नसतो, ही गोष्ट आपल्या भागातील पोरासोरांसही ठाऊक आहे. तरीही पाण्यावरचा मनुष्य, माळावरचा मेंढपाळ आणि खळ्यावरचा शेतकरी ह्या तिघांसही ते वारे बहुधा बेसावधच गाठते. त्या सायंकाळी कोणाचे काय चुकले, हा विचार येथे कर्तव्य नाही. असे वादळ तास-अर्धा तास अगोदर ओळखण्यास शेतकऱ्यास स्वतःच्या हाताने काही साधन करता येईल काय, एवढाच प्रश्न ह्या लेखापुरता घेतला आहे.

हा प्रश्न आमच्या मनात येण्यास आणखी एक कारण घडले. ज्यांचे मुलगे वा पुतणे अमेरिकेत नोकरीस आहेत अशा काही सभासदांकडे तिकडून आणलेले ‘हवामान रेडिओ’ पाहावयास मिळतात. त्या देशात सरकारी हवामानखाते १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सात ठरीव लहरींवर अहोरात्र हवामानच सांगत असते, आणि संकटाची सूचना देण्यापूर्वी १०५० हर्ट्झचा एक लांब सूर सोडते. घरातील संच मुका करून ठेविला असला तरी तो सूर ओळखून आपण होऊन बोलू लागतो व झोपलेल्या माणसास जागे करतो. योजना उत्तम खरी. परंतु आपल्या देशात त्या लहरींवर असे कोणतेही ध्वनिक्षेपण होत नाही. सबब तो परदेशी संच बारामतीस आणून कितीही उंच एरिअल उभारली तरी खरखरीवाचून त्यातून काही निघावयाचे नाही. पुष्कळांनी हौसेने आणलेले हे संच अखेर फळीवर धूळ खात पडतात, ह्याचे कारण हेच. तेव्हा त्यांची नक्कल करण्यात वेळ दवडू नये. आपल्याकडे जे मिळते त्याचाच उपयोग करून घ्यावा.

आपल्याकडे काय मिळते? हिंदुस्थानचे हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले व त्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली. पुण्यातील जुने लोक त्या इमारतीस अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते ह्यामुळेच. १९३२ साली ह्याच पुण्यात डॉ. एल. ए. रामदास ह्यांच्या देखरेखीखाली शेतकीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी खास हवामानवार्ता रेडिओवरून देशी भाषांतून सांगण्याचा प्रघात पडला. आकाशवाणीचे पुणे केंद्र ता. २ ऑक्टोबर १९५३ रोजी निघाले. पुढे १९५६ साली युनेस्को ह्या जागतिक संस्थेच्या साह्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग झाला. आठवड्यातून दोन वेळ गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी व आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्या, असा तो प्रकार होता. आज घरोघर रेडिओ पोहोचून पुन्हा घरोघरी तो बंदही पडला. परंतु ऐकून चर्चा करण्याची ती रीत संकटसूचनेच्या कामी फार उपयोगी पडणारी होती, असे आमचे मत आहे. कारण सूचना एकाने ऐकली आणि दहांस सांगितली तरच ती रानापर्यंत पोहोचते.

सांप्रत संकटाची सूचना मुख्यत्वे हातातील फोनवर येते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ ह्या योजनेतून तालुक्यापुरत्या सूचना मराठीत पाठविल्या जातात, आणि फोन मोठ्याने वाजवून संदेश दाखविण्याच्या पद्धतीच्या चाचण्या २०२३ साली देशभर झाल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे फोनवरील साधन आसपास कोठे वीज पडत आहे हे दाखविते. ही साधने उत्तम आहेत व ज्यांच्याजवळ फोन आहे त्यांनी ती अवश्य ठेवावी. परंतु त्यांत एक मोठे न्यून आहे, आणि ते नेमके वादळाच्याच वेळी प्रत्ययास येते. वारे सुटले की वीज जाते. वीज गेली की काही वेळाने टॉवरची बॅटरी उतरते. टॉवर बंद पडला की फोन खिशातले खोके होऊन बसतो. रेडिओचे तसे नाही. त्याचे ध्वनिक्षेपण शंभर किलोमीटरवरून येते आणि त्यास लागणारी शक्ती चार सेलांत मावते.

म्हणून आम्ही येथे जो संच सुचवीत आहो तो दोन कामे करतो. पहिले काम, मध्यम लहरींवरील पुणे केंद्र ऐकविणे. दुसरे व अधिक महत्त्वाचे काम, दूरच्या विजांचा कडकडाट कोणत्याही केंद्राच्या मदतीवाचून ओळखणे. हे दुसरे काम ऐकून कोणास नवल वाटेल. परंतु बिनतारी विद्येच्या आरंभकाळापासूनच ते चालत आले आहे. १८९५ साली रशियातील पोपॉव्ह ह्या शास्त्रज्ञाने आपले ग्राहक यंत्र करून दाखविले ते संदेश ऐकण्यासाठी नव्हे, तर येणारे वादळ ओळखण्यासाठी. दूर वीज चमकली की त्याच्या यंत्रावरील घंटा वाजत असे. वीज म्हणजे काही कोस लांबीची एक प्रचंड ठिणगी. तिच्यातून सर्व प्रकारच्या बिनतारी लहरी बाहेर पडतात व त्यांत मध्यम लहरींचा भाग पुष्कळ असतो. पावसाळ्याच्या तोंडी जुना रेडिओ ‘कडकड’ करी आणि घरातील वडील माणसे “आता लावू नका, वीज आहे” असे म्हणत, ती कडकड हीच. ज्या दोषास आपण इतकी वर्षे नावे ठेवली त्यालाच येथे कामास लावावयाचे आहे.

संचास लागणारे सामान पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते. बारामतीसही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे त्यातील बहुतेक सापडेल. दहा मिलिमीटर जाडीचा व बारा ते पंधरा सेंटीमीटर लांबीचा एक फेराईट रॉड, एक पीव्हीसी गँग कंडेन्सर, ‘टीए ७६४२’ ही तीन पायांची चिप, ‘एलएम ३८६’ ही आठ पायांची चिप, आठ ओहमचा लहान स्पीकर, दहा हजार ओहमचा आवाज कमीजास्त करण्याचा कंट्रोल, काही रेझिस्टन्स व कंडेन्सर, चार मोठे सेल व त्यांचे घर, एवढ्यांत काम भागते. तार मात्र विकत आणावयाचे कारण नाही. मोटर बांधून देणाऱ्या कोणत्याही दुकानात अठ्ठावीस गेजची इनॅमलची तार तीन मीटर मागितली तर तो बहुधा पैसेही घेणार नाही. सर्व मिळून खर्च चारशे-पाचशे रुपयांच्या घरात जातो.

प्रथम कॉइल करावी. रॉडवर जाड कागदाची सैल नळी गुंडाळून डिंकाने चिकटवावी; ती रॉडवर मागेपुढे सरकली पाहिजे. तीवर सत्तर वेढे एकाशेजारी एक, एकावर एक न चढविता, घट्ट घ्यावे. दोन्ही टोके दोऱ्याने बांधून त्यांवरील इनॅमल चाकूने खरवडून तांबे उघडे करावे. नवख्याचा संच मुका राहण्याचे पहिले कारण हेच असते: इनॅमल नीट खरवडलेले नसते आणि डाख वरवर बसलेला दिसतो. ह्या कॉइलच्या दोन टोकांस गँगचे दोन पाय जोडले म्हणजे लहर पकडणारा भाग तयार झाला.

आता तीन पायांची चिप. तिचा मधला पाय आत येणाऱ्या लहरीसाठी. बाजूच्या दोहोंपैकी एक जमिनीचा म्हणजे उणे बाजूचा व दुसरा बाहेर जाणाऱ्या आवाजाचा. ह्याच जातीच्या निरनिराळ्या कारखान्यांच्या चिपांत हे बाजूचे दोन पाय उलटसुलट असतात, म्हणून दुकानदाराकडून त्या चिपेचा कागद पाहून घ्यावा. आम्ही पहिला संच केला तेव्हा ही खात्री केली नाही व दोन सायंकाळी फुकट घालविल्या. कॉइलचे एक टोक मधल्या पायास जोडावे. दुसरे टोक ०.०१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून जमिनीस न्यावे आणि त्याच टोकापासून एक लाख ओहमचा रेझिस्टन्स बाहेर जाणाऱ्या पायास जोडावा. त्या बाहेरच्या पायापासून एक हजार ओहमचा रेझिस्टन्स दीड व्होल्टच्या अधिक बाजूस व ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जमिनीस न्यावा. ही चिप दीड व्होल्टवरच चालते. तिला सहा व्होल्ट दिले तर ती जळते. ह्यासाठी वेगळा सेल नको. चार सेल ओळीने जोडल्यावर उणे बाजूच्या पहिल्या सेलाच्या अधिक टोकास एक तार लावावी म्हणजे तेथे दीड व्होल्ट मिळतात, आणि चौथ्याच्या टोकाशी सहा.

बाहेर जाणाऱ्या पायावरील आवाज आणखी एका ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून कंट्रोलच्या एका कडेच्या पायास द्यावा. दुसऱ्या कडेचा पाय जमिनीस. मधला पाय ‘एलएम ३८६’च्या तिसऱ्या पायास. ह्या चिपेचे पाय खाचेच्या डावीकडून मोजावयाचे. दुसरा व चौथा पाय जमिनीस, सहावा सहा व्होल्टास, आणि पाचव्यातून २२० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून स्पीकर. स्पीकरची दुसरी तार जमिनीस. पाचव्या पायापासून दहा ओहमचा रेझिस्टन्स व त्याच्या पुढे ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असे ओळीने जमिनीस न्यावे, नाहीतर संच शिटी घालतो. पहिला व आठवा पाय मोकळे ठेवले तर ही चिप आवाज वीसपट करते. त्या दोहोंमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, अधिक बाजू पहिल्या पायास अशी, घातला तर दोनशेपट करते. आपल्यास दोनशेपटच पाहिजे. कॉइल व स्पीकर ही एकमेकांपासून वीतभर तरी दूर ठेवावी.

संच लावून गँग हळूहळू फिरवावी. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला आहे. मध्यम लहरींची काही प्रक्षेपणे अलीकडे देशात बंद होत गेली आहेत व कार्यक्रमाच्या वेळाही बदलतात; म्हणून बाजारच्या एखाद्या तयार रेडिओवर दिवसा ते केंद्र प्रथम ऐकून घ्यावे व मग आपल्या संचावर शोधावे, म्हणजे न मिळाल्यास दोष कोठे आहे हे कळते. केंद्र गँगच्या अगदी एका टोकाशी येत असेल तर कॉइल रॉडच्या मध्याकडे वा कडेकडे सरकवून ते मध्यावर आणता येते. फेराईट रॉडचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे: ज्या दिशेकडे त्याचे टोक रोखलेले असते त्या दिशेचे त्याला ऐकू येत नाही, आडवे असते त्या दिशेचे उत्तम येते. बारामतीहून पुणे वायव्येस. तेव्हा रॉड ईशान्य-नैऋत्य असा ठेवला म्हणजे पुणे स्पष्ट लागते. इंदापुराकडे हा कोन थोडा बदलेल, तो कानानेच ठरवावा.

येथपर्यंत झाला तो साधा रेडिओ. आता त्याचे वादळसूचक यंत्र करावयाचे. गँग फिरवून जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशी रिकामी जागा शोधावी व तेथे संच ठेवून द्यावा. आकाश निवळ असता त्यातून बारीक ‘सू’ असा आवाज येत राहील. दूर वीज झाली की त्यावर ‘कड्’ असा तुटक आवाज उठेल. सारा वेळ कान देऊन बसणे कोणास शक्य नाही, म्हणून पुढील जोडणी करावी. ‘एलएम ३८६’च्या पाचव्या पायापासून एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घ्यावा, त्याची अधिक बाजू त्या पायाकडे. त्याच्या दुसऱ्या टोकास ‘१एन ४१४८’ जातीचे दोन डायोड मिळावेत: पहिल्याची पट्टीची बाजू ह्या टोकास व दुसरी बाजू जमिनीस, दुसऱ्याची पट्टी नसलेली बाजू ह्या टोकास, आणि पट्टीची बाजू ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरच्या अधिक टोकास. त्या कंडेन्सरची उणे बाजू जमिनीस, आणि त्याच्या आडवा एक लाख ओहमचा रेझिस्टन्स. तेथूनच दहा हजार ओहमच्या रेझिस्टन्समधून ‘बीसी ५४७’ ह्या ट्रान्झिस्टरच्या बेसला जोड द्यावा. त्याचा एमिटर जमिनीस, आणि कलेक्टर व सहा व्होल्ट ह्यांच्यामध्ये सहा व्होल्टांचा बझर. स्पीकरच्या तारेत एक बटन घालावे, म्हणजे रात्री स्पीकर बंद व बझर जागा असे करता येते.

ह्या जोडणीचे काम असे चालते. कडकडाट आला की तो डायोडांतून एकाच दिशेने वाहून कंडेन्सरात साठतो. पुरेसा साठला की ट्रान्झिस्टर उघडतो व बझर वाजतो. क्षणात साठा ओसरला की पुन्हा गप्प. मोटेचे पाणी थारोळ्यात भरून पाटाला लागावे तसाच हा प्रकार. थारोळे किती भरल्यावर पाणी वाहील हे कंट्रोलने ठरते. निवळ आकाश असता आवाज वाढवीत न्यावा. बझर वाजू लागला की थोडा मागे घेऊन तेथे खूण करावी. परीक्षा करण्यास विजेची वाट पाहावयास नको. स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याचा चापाचा लायटर हातभर अंतरावर दाबला असता बझर टिचकला पाहिजे. लायटरची ठिणगी ही आपल्या हातातील वीजच.

खोटी हाक देणाऱ्या गोष्टी आपल्या शेतावर पुष्कळ आहेत व त्या ओळखता न आल्यास चार दिवसांत कंटाळून मनुष्य यंत्र बंद करून ठेवील. विद्युत पंपाचा स्टार्टर पडताना वा उठताना एकदाच ‘कड्’ होते. हलके एलईडी दिवे, फोनचे चार्जर व सौर पंपाची नियंत्रण पेटी ह्यांची सतत घरघर येते. म्हणून संच पंपाच्या खोलीत किंवा वायरिंगच्या भिंतीस न लावता घराच्या पडवीत लाकडी फळीवर ठेवावा. विजेची कडकड ह्या सर्वांहून निराळी असते. ती अनियमित, तुटक आणि वाढत जाणारी असते. एक वही ठेवून मिनिटास किती वेळा बझर वाजला ते दहा-दहा मिनिटांनी मांडावे. एकदोनवर स्थिर राहिले तर ढग दूर आहेत व बहुधा दुसरीकडे जात आहेत; दोनाचे पाच, पाचाचे दहा झाले तर ते आपल्याकडे येत आहेत. मग संच हातात घेऊन स्पीकर लावावा व रॉड फिरवून कडकड कोणत्या कोनात सर्वांत कमी होते ते पाहावे. त्या वेळी रॉडच्या दोन टोकांपैकी एकाच्या दिशेस वादळ आहे. पूर्व की पश्चिम ह्याचा निवाडा आकाशाकडे पाहून होतो. आमच्या अनुभवाने वळवाच्या दिवसांत हा संच गडगडाट कानी येण्याच्या पुष्कळ आधी बोलू लागतो. कारण गडगडाट पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे सहसा ऐकू येत नाही, बिनतारी लहरीस मात्र शंभर किलोमीटर म्हणजे काहीच नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ढग नेमका आपल्याच डोक्यावर तयार झाला तर हा संच आगाऊ काही सांगू शकत नाही. त्याची पहिली हाक व पहिली वीज एकच. विजांवाचून नुसते वारे सुटले तर तो गप्प राहील. म्हणून बझर वाजला नाही ह्यावर भरवसा ठेवून कोणी नाव पाण्यात घालू नये. वाजला असता मात्र घालूच नये. त्याचप्रमाणे ह्या संचास छपरावर एरिअल बांधण्याचा मोह टाळावा. फेराईट रॉड पुरेसा आहे. बाहेरची तार वादळात वीज घरात आणावयाची वाट होते. संच सेलांवरच चालवावा, भिंतीतील विजेवर नव्हे. मोठे चार सेल अहोरात्र चालू ठेवूनही सुमारे महिनाभर पुरतात.

बझरची गती वाढली की काय करावे, ह्यास उशीर लावू नये. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनातल्या मनात सेकंद मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. चिंच, लिंब वा बाभूळ ह्यांखाली उभे राहणे सर्वांत वाईट. उघडा ट्रॅक्टर, चारही बाजूंनी मोकळे पत्र्याचे छप्पर आणि विहिरीचा लोखंडी पाइप ही सुरक्षित नाहीत. कळस-बोरी भागातील द्राक्षबागायतदारांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: मांडवाच्या तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जातात. बागेच्या एका कोपऱ्यात पडलेली वीज दुसऱ्या कोपऱ्यात मजुराच्या हातास लागू शकते. बाग कितीही आवरायची असो, मजुरांस प्रथम बाहेर काढावे. मोकळ्या माळावर सापडल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि मेंढ्या एका ठिकाणी दाटू देऊ नयेत.

पुराची गोष्ट ह्याहून निराळी आहे, व तेथे विजेचा कडकडाट काही सांगत नाही. ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टी झाली ती पुरंदर तालुक्यात; परंतु कऱ्हेस पूर येऊन नाझरे धरणातून पाणी सोडावे लागले आणि बारामतीत नदीकाठच्या लोकांस घरे सोडावी लागली. नीरेचेही तसेच आहे. पाऊस पडतो सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, पाणी सुटते वीर धरणातून, आणि पंप वाहून जातो नीरा-नरसिंहपुराच्या आसपासच्या शेतकऱ्याचा. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून निघालेले वादळ आंध्रचा किनारा ओलांडून थेट सोलापूर व इंदापूरपर्यंत आले, आणि त्या १४ तारखेच्या पावसाने ओढ्यांसही नदीचे रूप आले. मे २०२५ च्या अखेरीस तर उन्हाळ्यातच अशी वृष्टी झाली की बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेक येथे नीरा डावा कालवा फुटला व आपत्ती निवारणाची पथके बारामती व इंदापूर ह्या दोन्ही ठिकाणी पाठवावी लागली. १८८५ सालापासून वाहणारा हा कालवा आपणास पाणी देणारा म्हणूनच ठाऊक. तो घरात पाणी आणील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

अशा वेळी संचाचे पहिले काम, म्हणजे केंद्र ऐकणे, हेच उपयोगी पडते. त्याच्या जोडीस स्थानिक वाहिन्या आहेत: बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर, आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ वर. ह्या एफएम पद्धतीच्या असल्यामुळे वरील संचावर लागत नाहीत. त्यांसाठी बाजारचा लहान एफएम रेडिओ घ्यावा, तो घरी करण्यात फायदा नाही. सामाजिक वाहिनीचे प्रक्षेपण थोड्या शक्तीचे असल्याने ती साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येते. इंदापूरच्या पूर्वभागातील लोकांनी तीवर विसंबू नये. हवामानवार्ता ऐकताना शब्दांचा अर्थ ठाऊक असला पाहिजे. ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून, ‘अति जोरदार’ म्हणजे ११५.६ पासून, आणि २०४.५ व त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. आपल्या अवर्षणी मुलखात शंभर मिलिमीटर पाऊस एका रात्रीत पडणे म्हणजे सबंध हंगामाचा मोठा वाटा एकदम अंगावर येणे होय. येथले ओढे, मोऱ्या व बांध तेवढ्या पाण्यासाठी केलेलेच नसतात. रंगांत सांगावयाचे तर पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. आमचे मत असे की नदीकाठच्या शेतकऱ्याने नारिंगीलाच मोटर व पाइप वर काढून ठेवावे. काढण्यास दोन माणसांचे दोन तास लागतात. मोटर गेली तर हंगाम जातो. काढून ठेवलेला कांदा, मळणीस आलेली ज्वारी व गोठ्यातील वासरे ह्यांचाही विचार त्याच वेळी करावा.

परवान्याविषयी काही सभासदांनी विचारले म्हणून सांगतो. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याप्रमाणे पूर्वी रेडिओ बाळगण्यास डाकघरातून परवाना घ्यावा लागे. श्रोत्यांवरील ते बंधन केव्हाच उठले आहे. परंतु हे ऐकण्यापुरतेच. ह्याच सामानातून ध्वनिक्षेपण करणारे यंत्र करणे सोपे असले तरी ते परवान्यावाचून करणे गुन्हा आहे, आणि आणीबाणीच्या वेळी सरकारी संदेशांत अडथळा येतो तो निराळाच.

गावात असा एकच संच असला व तो एका घरात राहिला तर त्याचा उपयोग त्या घरापुरता. तो चावडीजवळ किंवा देवळाच्या ओवरीत ठेवून उन्हाळाभर पाळीने एकेकाने त्याची वही ठेवावी, आणि बझरची गती मिनिटास पाचांवर गेली की देवळाची घंटा वा ध्वनिवर्धक ह्यांवरून रानात हाक द्यावी, असे आम्ही सुचवितो. जेथे नाव चालते अशा उजनीकाठच्या गावांनी तो धक्क्यावरच ठेवावा. संच चैत्रात करून ठेवावा. वैशाखात सामान आणावयास जाल तर पहिला वळीव त्याआधीच होऊन गेलेला असेल. पावसाळा संपल्यावर, म्हणजे परतीच्या पावसाच्या विजा आटोपल्यावर, सेल काढून ठेवावे, नाहीतर ते पाझरून तारा खातात.